मदत हवी आहे: हाइझमनच्या दावेदारांची तीन नावे, मुदत उद्या रात्री

अनघा_सांख्यिकी | २५ सप्टेंबर २०२५

मला उद्या रात्री बारापर्यंत फुटबॉलच्या हाइझमन पुरस्काराच्या दावेदारांची तीन नावे क्रमाने द्यायची आहेत आणि माझा तक्ता कुठेतरी चुकतो आहे. चारही आठवड्यांची आकडेवारी घेऊन यार्ड (चेंडू पुढे नेलेले अंतर) आणि टचडाउन (गोलासारखी गुणप्राप्ती) यांच्या बेरजेने क्रम लावला, तरी प्राध्यापकांनी ‘ही हाइझमनची यादी नव्हे’ एवढ्याच शेऱ्यासह मसुदा परत पाठवला. काय चुकले असेल? कृपया लवकर सांगावे.

मांडवीकाठ

आपण कोणत्या फुटबॉलविषयी विचारत आहात ते लिहिलेले नाही. आम्ही गोव्यात वाढलेली माणसे फुटबॉल म्हटल्यावर पायाने खेळायचाच खेळ समजतो. त्यातील सर्वोच्च वैयक्तिक पुरस्कार, बॅलन डी’ओर, याच सोमवारी उस्मान डेम्बेले याला मिळाला आहे.

बॅटनरूजचे_दिवस

हा अमेरिकन महाविद्यालयीन फुटबॉलचा पुरस्कार आहे. १९३५ पासून दिला जातो. अनघाताई, तुमच्या प्रश्नात दोन गोष्टी राहून गेल्या आहेत. डिसेंबरमध्ये कोण जिंकेल हे सांगायचे आहे, की आज मतदान झाले तर कोण जिंकेल हे? आणि तक्त्यात प्रतिस्पर्धी संघाची ताकद कुठे धरली आहे का?

मी २०१९ मध्ये लुइझियाना स्टेट विद्यापीठात शिकत होतो. ऑगस्टमध्ये आमचा क्वार्टरबॅक (पास फेकणारा मुख्य खेळाडू) जो बरो याचे नाव फारसे कोणी घेत नव्हते. ७ सप्टेंबरला टेक्ससच्या मैदानावर आमच्या संघाने ४५–३८ असा विजय मिळवला, त्यात त्याने ४७१ यार्डांचे पास दिले, आणि दुसऱ्या दिवसापासून सगळे त्याच्याविषयीच बोलू लागले. डिसेंबरमध्ये तो १,८४६ गुणांच्या विक्रमी फरकाने जिंकला. त्या सामन्याचे वजन बेरजेत दिसत नाही, कारण बेरजेला टेक्सस आणि एखादा दुबळा संघ सारखेच वाटतात.

अनघा_सांख्यिकी

डिसेंबरमध्ये कोण जिंकेल, हेच सांगायचे आहे. लिहायचे राहिले, क्षमस्व. खऱ्या मतपत्रिकेप्रमाणे पहिल्या नावाला तीन, दुसऱ्याला दोन आणि तिसऱ्याला एक गुण आहे, आणि प्रत्यक्ष निकालाशी ताडून आमचे गुण ठरतील. प्रतिस्पर्ध्याची ताकद धरलेली नाही.

विदा_आणि_वजन

मग चूक तिथेच आहे. सप्टेंबरमध्ये मोठे संघ कित्येकदा खालच्या गटातल्या संघांशी खेळतात. इंडियानाने इंडियाना स्टेटला ७३–० असे हरवले, त्या दिवशीच्या यार्डांवरून काहीही ठरत नाही. पण पुढच्याच आठवड्यात, २० सप्टेंबरला, त्याच संघाने मानांकित इलिनॉयला ६३–१० असे हरवले आणि त्यांचा क्वार्टरबॅक फर्नांडो मेंडोझाने २३ पैकी २१ पास पूर्ण करून पाच टचडाउन दिले. तुमच्या तक्त्यात हे दोन्ही सामने एकाच मापाने मोजले गेले असणार. प्रतिस्पर्ध्याच्या बचावाने इतर संघांना सरासरी किती यार्ड दिले ते काढा आणि त्या सरासरीच्या वर किती मिळवले तेवढेच मोजा.

ऑस्टिनकर

इतके गणित कशाला? टेक्ससचा क्वार्टरबॅक आर्च मॅनिंग. हंगामाआधी सर्वांच्या यादीत तोच वर होता आणि तो सावरणार, असा माझा ठाम विश्वास आहे. आजोबा आर्ची, काका पेटन आणि ईलाय या तिघांनाही हाइझमन मिळाली नाही. ते राहिलेले काम हा मुलगा पूर्ण करील.

विदा_आणि_वजन

घराण्याला मते मिळत नाहीत. ३० ऑगस्टला ओहायो स्टेटविरुद्ध टेक्सस १४–७ असे हरले आणि मॅनिंगचे १७० यार्ड झाले. २०२१ मध्ये ओक्लाहोमाचा स्पेन्सर रॅटलर असाच आघाडीवर होता; टेक्ससविरुद्धच्या सामन्यात त्याला बाकावर बसवून केलेब विल्यम्सला उतरवले गेले आणि पुढच्या वर्षी हाइझमन जिंकला तो विल्यम्स, तेही दुसऱ्या विद्यापीठाकडून.

धावती_रेघ

सगळे क्वार्टरबॅकविषयीच बोलत आहेत, म्हणून लिहितो. गेल्या वर्षी बॉइसी स्टेटचा रनिंग बॅक (चेंडू घेऊन धावणारा खेळाडू) अ‍ॅश्टन जेंटीने पहिल्याच सामन्यात २६७ यार्ड आणि सहा टचडाउन केले, हंगामात २,६०१ यार्ड धावला, आणि तरीही ट्रॉफी ट्रॅव्हिस हंटरला गेली. हा अन्याय होता असे मी आजही मानतो. अनघाताईंनी नोटर डेमचा रनिंग बॅक जेरेमाया लव्हला पहिला क्रमांक द्यावा.

बॅटनरूजचे_दिवस

हंटर बचावात आणि आक्रमणात दोन्हीकडे पूर्ण सामना खेळत होता, त्यामुळे अन्याय हा शब्द मला पटत नाही. शिवाय प्रश्न कोणाला मिळावी हा नसून कोणाला मिळेल हा आहे. २००० ते २०२४ या पंचवीस पुरस्कारांपैकी वीस क्वार्टरबॅकना मिळाले आहेत. रनिंग बॅकला एक वाईट संध्याकाळ पुरते, हे मी आमच्याच संघाबाबत ऐकत आलो आहे: २०१५ मध्ये लेनर्ड फोर्नेट सप्टेंबर-ऑक्टोबरभर आघाडीवर होता, ७ नोव्हेंबरला अलाबामाने त्याला ३१ यार्डांवर रोखले, समोरच्या डेरिक हेन्रीने २१० यार्ड काढले, आणि ट्रॉफी हेन्रीला गेली.

म्हणून तक्त्याला आणखी एक रकाना जोडा: पुढे कोणते मोठे सामने उरले आहेत. साधारण ८७० पत्रकार सहा विभागांतून मत देतात, माजी विजेतेही देतात. इतक्या लोकांनी एखाद्याचे सगळे सामने पाहणे शक्य नाही, पण नोव्हेंबरचा मोठा सामना सगळे पाहतात.

अनघा_सांख्यिकी

प्रतिस्पर्ध्याची सरासरी वजा केल्यावर क्रम पार बदलला आणि मेंडोझा वर आला. ११ ऑक्टोबरला इंडियाना ओरेगनच्या मैदानावर खेळणार आहे, म्हणजे पुढचा रकानाही भरतो. अडचण ओक्लाहोमाचा क्वार्टरबॅक जॉन मटीर याची आहे. मिशिगनविरुद्ध २४–१३ असा विजय मिळवून देणाऱ्या या खेळाडूला मी दुसरा ठेवणार होते, पण त्याच्या हातावर शस्त्रक्रिया झाली आहे.

विदा_आणि_वजन

पास फेकण्याचाच हात आहे. किती सामने चुकतील याचा अंदाज घालून त्याला तिसरा ठेवा किंवा काढून टाका, पण त्याचे आधीचे यार्ड तसेच धरून दुसरा ठेवू नका.

ऑस्टिनकर

तोही ११ ऑक्टोबरलाच आमच्या टेक्ससविरुद्ध डॅलसमध्ये खेळायचा आहे. मॅनिंगला तिसरा तरी द्या.

अनघा_सांख्यिकी

मेंडोझा पहिला, लव्ह दुसरा आणि मटीर तिसरा असे लिहून पाठवले. मॅनिंगला घेतले नाही. ओहायो स्टेटविरुद्धच्या सामन्यात त्याचा आकडा सरासरीच्या खाली येतो. लव्हला क्वार्टरबॅक नसतानाही दुसरा ठेवण्याचे कारण प्राध्यापक विचारतील, म्हणून धावती_रेघ, जेंटीच्या पहिल्या चार सामन्यांचे प्रतिस्पर्ध्यांनुसार आकडे तुमच्याकडे असतील तर आज रात्रीच द्यावेत.