मदत हवी आहे: हिग्ज क्षेत्राला मधाशिवाय दुसरी उपमा?

मंडळी, जरा मदत करा. पुतणी अकरावीत आहे. ४ जुलै २०१२ रोजी सर्न या युरोपातल्या कणभौतिकीच्या प्रयोगशाळेने हिग्जसारखा नवा कण सापडल्याचं जाहीर केलं, एवढं तिने कुठेतरी वाचलं आणि माझा पिच्छाच पुरवला. मी आपलं नेहमीचं सांगितलं: हिग्ज क्षेत्र (सगळीकडे पसरलेलं, मूलकणांना वस्तुमान देणारं क्षेत्र) म्हणजे मध, त्यातून जाताना कण जड होतात. तिने मधाच्या बरणीत चमचा ढवळून सोडून दिला. "काका, हा तर थांबला. मग इलेक्ट्रॉन का नाही थांबत?" माझी बोलतीच बंद! खरंच, वस्तुमान म्हणजे काही घर्षण नव्हे. एकसमान वेगाने जाणाऱ्या इलेक्ट्रॉनला हे क्षेत्र अडवत नाही. मग सांगायचं कसं?

आणखी एक. प्रोटॉन ९३८ एमईव्हीचा (हे कणांचं वस्तुमान मोजायचं एकक), आतले तीन क्वार्क, म्हणजे त्याचे घटक मूलकण, मिळून जेमतेम ९. उरलेलं वस्तुमान क्वार्क आणि त्यांना बांधून ठेवणारे ग्लुऑन यांच्या ऊर्जेतून येतं, हिग्जमधून नाही, बरोबर ना? आणि इलेक्ट्रॉन ०.५११ एमईव्ही, टॉप क्वार्क (सगळ्यात जड क्वार्क) मात्र सुमारे १७३ जीईव्ही (१ जीईव्ही = १००० एमईव्ही, म्हणजे तीन लाख पटींहून जास्त!). हा फरक सिद्धान्तातूनच निघतो, की प्रयोगात मोजून समीकरणात घालावा लागतो? गणित चालेल, पण अकरावीला झेपेल इतपतच. रविवारी ती परत येतेय, बरणी मी लपवून ठेवली आहे.