विषय: भिलवडीचा पूरनिधी कोणत्या खात्यावर?

सचिव:
सप्रेम नमस्कार. इथल्या अमेरिकेतील चर्चच्या मदत समितीने आपल्या मंडळाने पूरग्रस्तांसाठी जमवलेल्या रकमेइतकीच भर घालण्याचे मान्य केले आहे. मात्र भिलवडीची जी संस्था घरे बांधून देणार आहे, तिच्याकडे एफसीआरए नोंदणी (परदेशी देणगी स्वीकारण्यासाठी भारतीय कायद्याने लागणारी नोंदणी) नाही. सांगलीतील एखाद्या नोंदणीकृत न्यासाकडे रक्कम पाठवावी आणि त्यांनी ती पुढे द्यावी, असे सुचवतो. हरकत असल्यास शुक्रवारपर्यंत कळवावे.

खजिनदार:
हरकत आहे. सप्टेंबर 2020 च्या दुरुस्तीनंतर एका संस्थेला मिळालेली परदेशी देणगी दुसऱ्या संस्थेकडे, मग ती नोंदणीकृत का असेना, वळती करता येत नाही. न्यासाने स्वतः गवंडी लावून, विटा-सिमेंटची बिले स्वतःच्या नावावर घेऊन घरे बांधली तरच हे बसते, आणि रक्कमही आधी दिल्लीत संसद मार्गावरील स्टेट बँकेतील खात्यातच जमा व्हावी लागते. निधीचे निर्णय खजिनदाराला विचारून जाहीर करण्याची आपल्याकडे पद्धत होती.

तासगावचे काका:
भारतीय पासपोर्टधारकांनी स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत दिलेले पैसे परदेशी देणगी ठरत नाहीत, तेव्हा मंडळाला मध्ये आणूच नये. चर्चने पैशांऐवजी माणसे पाठवावीत. 2017 च्या हार्वे वादळानंतर ह्यूस्टनला त्यांच्या स्वयंसेवकांनी आमच्या घरातील भिजलेले ड्रायवॉल (भिंतींचे जिप्समचे तक्ते) कापून बाहेर काढले. एक डॉलर घेतला नाही की प्रार्थनेला या म्हटले नाही. हे शेवटचे मुद्दाम लिहितो, कारण गणपतीच्या बैठकीतील धर्मांतराबद्दलची कुजबुज माझ्या कानावर आली आहे.

मिरजेच्या काकू:
कुजबुजणाऱ्यांनी मिरजेत चौकशी करावी. डॉ. वॉनलेस यांनी 1894 मध्ये सुरू केलेल्या मिशन इस्पितळात माझ्या सासूबाईंची बाळंतपणे झाली आणि त्यांचा वटपौर्णिमेचा उपास कधी चुकला नाही. माणसे पाठवणे मात्र मला पटत नाही. तिकडे ड्रायवॉल कुठून येणार? पाण्याने फुगलेली मातीची भिंत पूर ओसरता ओसरता ढासळते, पायापासून नवी उभी करावी लागते, आणि ते जाणणारे गवंडी गावातच आहेत, ज्यांची स्वतःची रोजंदारी पुरात बुडालेली असते. विमानाच्या तिकिटांचा खर्च त्यांच्या मजुरीला द्यावा.

खजिनदार:
काका, आपल्यापैकी बहुतेकांनी पासपोर्ट बदलला आहे आणि ओसीआय कार्ड (परदेशी नागरिकत्व घेतलेल्या भारतीय वंशाच्या लोकांना मिळणारे) असले तरी आपण या कायद्यापुरते परदेशीच. चर्चची रक्कम तर तुम्ही सुचवलेल्या मार्गाने जाणारच नाही. न्यास स्वतः बांधकाम करणार का, हे सचिवांनी लेखी मागवावे. धनादेशावर माझी सही त्यानंतर होईल.