मदत हवी आहे : मतांगीकारातला ‘सर्वसमर्थ’ हा शब्द खरेपणाने कसा उच्चारावा?

अर्धविराम :
येत्या रविवारी मला उपासनेत उभे राहून प्रेषितांचा मतांगीकार, म्हणजे ‘सर्वसमर्थ’ देवबापावरच्या विश्वासाने सुरू होणारे ख्रिस्ती श्रद्धेचे कबुलीवचन, म्हणायचा आहे आणि मी त्याच्या पहिल्याच वाक्यात अडकलो आहे. देव आहे हे मी नाकारत नाही. तो प्रेमळ आहे हेही मी बहुधा मानतो. पण तो ‘सर्वसमर्थ’ आहे असे म्हणताना आपण खोटे बोलत आहोत असे मला वाटते. हातात पाच दिवस आहेत. ‘प्रार्थना करा’ आणि ‘शास्त्र वाचा’ ही उत्तरे कृपया नकोत, कारण ते दोन्ही करून झाले आहे. हा शब्द प्रामाणिकपणे उच्चारता येईल असा त्याचा काही अर्थ आहे का, तेवढेच सांगावे.

जुनी वही :
मतांगीकार तर सगळी मंडळी एकत्र म्हणते. मग याच रविवारी आपली अडचण का व्हावी, हे कळले नाही. आपले दृढीकरण, म्हणजे बाप्तिस्म्याची कबुली स्वतः पक्की करण्याचा विधी, आहे का?

अर्धविराम :
दृढीकरण नाही. बहिणीच्या मुलीचा बाप्तिस्मा आहे आणि मी तिचा धर्मपिता म्हणून उभा राहणार आहे. एरवी मंडळीच्या आवाजात तो एक शब्द गिळता येतो. या वेळी प्रश्न मला विचारला जाईल आणि उत्तर त्या मुलीच्या वतीने मला एकट्याला द्यावे लागेल.

अक्षरवेध :
आपली अडचण भाषांतरातून आलेली आहे, असे माझे ठाम मत आहे. ग्रीक शब्द ‘पँटोक्रेटॉर’ असा आहे आणि त्याचा अर्थ सर्वांवर सत्ता असणारा, सर्व काही धरून ठेवणारा असा होतो. लॅटिनमध्ये त्याच्या जागी ‘ओम्निपोटेन्स’ आल्यावर ‘वाटेल ते करू शकणारा’ ही छटा ठळक झाली. १३ व्या शतकात धर्मशास्त्रज्ञ थॉमस अक्वायनस यांनीही स्पष्ट केले होते की जे स्वतःशीच विसंगत आहे ते सामर्थ्याच्या कक्षेत येतच नाही. चौकोनी वर्तुळ देवाला काढता येत नाही म्हणून तो दुबळा ठरत नाही. आपण ‘सर्वांना धरून ठेवणारा’ हा अर्थ मनात ठेवून शब्द उच्चारावा.

तर्कनिष्ठ :
ही पळवाट आहे. प्रेषितांचा मतांगीकार आपल्यापर्यंत पश्चिमेकडच्या लॅटिन परंपरेतून आला आहे, त्यामुळे त्यात ‘ओम्निपोटेन्स’च आहे. ग्रीक तत्त्वज्ञ एपिक्युरस याच्या नावावर सांगितला जाणारा आणि चौथ्या शतकात लॅक्टँशियस या ख्रिस्ती लेखकाने नोंदवलेला पेच आजही तसाच उभा आहे : देवाला दुःख दूर करायचे आहे पण जमत नाही, की जमते पण करायचे नाही? १ नोव्हेंबर १७५५ रोजी लिस्बनमध्ये भूकंप झाला तेव्हा सर्व संतांचा सण होता आणि माणसे चर्चमध्ये प्रार्थनेला जमली होती. आपल्याला शब्द पटत नसेल तर उभे राहू नका; बाळाच्या नावाने असत्य बोलण्यापेक्षा नकार अधिक प्रामाणिक ठरेल.

दीपस्तंभ :
या पेचाला इच्छास्वातंत्र्याचे उत्तर केव्हाच दिले गेले आहे. अगदी अलीकडे, १९७४ मध्ये, अमेरिकन तत्त्वज्ञ ॲल्विन प्लँटिंगा यांनी ते तर्कशास्त्राच्या भाषेत मांडले. खरोखर स्वतंत्र असलेली आणि तरीही कधीच चुकणार नाहीत अशी माणसे घडवणे हे सर्वसमर्थ देवाच्याही हाती नसू शकेल, कारण चुकायचे की नाही हे त्या माणसांनी ठरवायचे असते.

तर्कनिष्ठ :
भूकंपाला कोणाची इच्छा असते? माणसाने माणसावर केलेल्या अन्यायाला हे उत्तर कदाचित पुरे पडेल, रोगाला आणि भूकंपाला पडत नाही. सैतानाचे इच्छास्वातंत्र्य पुढे करणार असाल तर तेही ऐकायला तयार आहे, पण त्याने कोणाचे समाधान झालेले मी पाहिलेले नाही.

कालपट :
मला वाटते की धागाकर्त्यांनी मुळापासून सुरुवात करावी. येशू ही ऐतिहासिक व्यक्ती होती याविषयी अभ्यासकांमध्ये फारसा वाद नाही. रोमन इतिहासकार टॅसिटस याने दुसऱ्या शतकाच्या आरंभी लिहिताना, सम्राट तिबेरियसच्या राजवटीत रोमन सुभेदार पंतय पिलाताने ख्रिस्ताला मृत्युदंड दिल्याचा उल्लेख केला आहे. एवढा पाया पक्का झाला की पुढच्या शंका आपोआप लहान होतात.

अर्धविराम :
हे मी विचारले नव्हते. माझी शंका येशूच्या अस्तित्वाविषयी नाही. भूकंपाचा निकालही मला रविवारपर्यंत नको आहे.

जुनी वही :
मग एक विचारतो. हा शब्द आपल्या घशात नेमका केव्हापासून अडकू लागला? लहानपणापासून आपण तो म्हणतच आला असाल.

अर्धविराम :
दोन वर्षांपासून. आईच्या शेवटच्या आठवड्यात एक प्रार्थना करणारे गृहस्थ आले होते. त्यांनी तिच्या कपाळाला तेल लावले आणि ती उठून बसेल असे सांगितले. तिसऱ्या दिवशी ती गेली. तेल उशीच्या अभ्र्यावर उतरले होते आणि मी तो डाग पुसत असताना ते दारात उभे राहून म्हणाले, ‘घरात कोणाचा तरी विश्वास कमी पडला.’ घरात बहीण आणि मी, दोघेच होतो. तेव्हापासून ‘सर्वसमर्थ’ म्हटले की मला एवढेच ऐकू येते : तो करू शकत होता, पण आम्हाला मोजून पाहिले आणि केले नाही.

जुनी वही :
हे पहिल्याच दिवशी लिहिले असते तर बरे झाले असते. आपल्याला छळणारा शब्द मतांगीकारातला नाही, दारातल्या त्या माणसाचा आहे, आणि त्याला शास्त्रात आधार नाही. शिलोहाचा बुरूज पडून अठरा माणसे मेली, तेव्हा ती इतरांपेक्षा अधिक पापी होती काय, असे येशूने स्वतः विचारले आणि ‘नाही’ असे उत्तर दिले. जुन्या करारातल्या, निर्दोष असून दुःख भोगणाऱ्या ईयोबाच्या मित्रांनीही त्याच्या दुःखाचे कारण त्याच्यातच शोधले, आणि शेवटी देवाचा राग त्या मित्रांवर झाला. मार्कच्या शुभवर्तमानाच्या नवव्या अध्यायात आजारी मुलाला येशूकडे आणणारा बाप तर ‘माझा विश्वास आहे’ आणि ‘माझा अविश्वास घालवा’ हे एकाच दमात म्हणतो. त्याला कोणी परत पाठवले नाही.

दीपस्तंभ :
आपल्या आईविषयी वाचून वाईट वाटले. माझे आधीचे उत्तर या ठिकाणी निरुपयोगी होते. तरी नव्या करारातल्या याकोबाच्या पत्रात संशय धरणाऱ्याला वाऱ्याने हेलकावणारी लाट म्हटले आहे, हेही विसरता येणार नाही.

तर्कनिष्ठ :
त्या गृहस्थाचे वागणे अक्षम्य होते. पण जुनी वही यांना एक विचारणे भाग आहे : मार्कमधल्या त्या बापाचा मुलगा बरा झाला, यांची आई झाली नाही. फरक तिथेच आहे.

जुनी वही :
तो फरक मी मिटवू शकत नाही. मात्र त्याच शुभवर्तमानाच्या चौदाव्या अध्यायात गेथशेमाने बागेतली प्रार्थना आहे. तिथे येशू आधी म्हणतो, बापा, तुला सर्व काही शक्य आहे. आणि लगेच म्हणतो, हा प्याला माझ्यापासून दूर कर. प्याला म्हणजे समोर आलेले मरण, आणि तो दूर झाला नाही. त्याचा विश्वास कमी पडला, असे म्हणायला कोणी धजावणार नाही. ‘सर्व काही शक्य आहे’ हे शब्द तिथे मागणे नाकारले गेलेल्या माणसाच्या तोंडी आहेत. याकोबाची लाट वाचणाऱ्यांनी ही बागही वाचावी. मतांगीकारातला शब्द मी स्वतः आता याच अर्थाने उच्चारतो : ज्याच्याकडे मागायचे, आणि न मिळाल्यावर ज्याला जाबही विचारायचा, तो.

अक्षरवेध :
हा अर्थ माझ्या व्युत्पत्तीपेक्षा अधिक उपयोगी आहे, हे मान्य करतो. अजून एक नोंद : ३२५ मध्ये निकियाच्या धर्मसभेत ठरलेला मतांगीकार ‘आम्ही विश्वास ठेवतो’ असा सुरू होतो.

अर्धविराम :
आमच्याकडे ‘मी’ आहे, ‘आम्ही’ नाही. तरीही जाब विचारण्याचा हा अर्थ मला चालेल असे वाटते. त्यात मला खोटे बोलावे लागत नाही. काल रात्री हे बहिणीला वाचून दाखवले. ती बराच वेळ गप्प बसली आणि मग म्हणाली की आई गेल्यापासून त्या शब्दापाशी तीही नुसते ओठ हलवते. दोन वर्षे आम्ही एकाच बाकावर शेजारी बसत होतो. आता पाळकांना आम्ही एकत्र भेटावे की वेगवेगळे, हे कोणी सांगेल का?

जुनी वही :
एकत्र भेटा. आणि शनिवारपर्यंत थांबू नका.