मदत हवी आहे : अण्णांच्या गाठीला शेक पाच की आठ?
नमस्कार मंडळी. आमचे अण्णा ७८ वर्षांचे. उजव्या फुफ्फुसात २.८ सेंमीची गाठ, बायोप्सीत कॅन्सर निघाला. पेट स्कॅनमध्ये कुठे पसरलेला दिसत नाही. जुना सीओपीडी (श्वासमार्ग अरुंद होऊन धाप लागण्याचा फुफ्फुसाचा आजार) आहे, त्यामुळे ऑपरेशन नको, एसबीआरटी (थोड्याच शेकांत, म्हणजे रेडिएशनच्या बैठकांत, गाठीवर नेमका मोठा डोस) करू, असं ठरलंय.

अडलंय ते डोसवर. एका डॉक्टरांनी पाच शेकांत ५० ग्रे (रेडिएशनचा डोस मोजायचं एकक) सांगितले, दुसऱ्यांनी आठ शेकांत ६०. गाठ मुख्य श्वासनलिकेच्या फांदीपासून २ सेंमीच्या आत आहे. कडेला असती तर तीनच शेकांत ५४ ग्रे देतात, पण मध्यभागी एका वेळी एवढा मोठा डोस धोक्याचा, हे समजलं. दोन्हींचा बीईडी (शेकांची संख्या वेगळी असली तरी परिणामाची तुलना करता येईल असा डोसचा हिशेब) मी काढून पाहिला : १०० आणि १०५. म्हणजे गाठीवरचा मारा जवळपास सारखाच. मग निवड कशावर करायची? श्वासनलिका, अन्ननलिका आणि हृदयाला किती डोस जातो त्यावर का?

कुणाच्या घरी अशा मधल्या गाठीला शेक दिले असतील, तर नंतर धाप, खोकला, गिळण्याचा त्रास किती झाला ते कृपया सांगा. रेडिएशनचे डॉक्टर कोणी असाल, तर प्लॅन दाखवतील तेव्हा मी नेमकं काय विचारू? सोमवारी सिम्युलेशन (शेकांच्या आखणीसाठीचा स्कॅन) आहे. अण्णा रोज विचारतात, "कधी सुरू करायचं रे?"