पणजीची नऊवारी: पैठणी की बनारसी शालू?

गिरगावकरीण:
चाळ पुनर्विकासाला गेली, घर रिकामं करताना ट्रंकेत पणजीची लग्नातली नऊवारी निघाली. जांभळी, पदर जवळजवळ सगळा जरीचा, त्यात पोपट आणि वेली. आई म्हणते पैठणी, मावशी म्हणते शालू. घड्यांवर रेशीम विरलंय. जुनी जर घेणारा वजनावर भाव सांगून गेला. वहिनीला लेकीसाठी परकर-पोलकं शिवायचंय. माझ्या मुलीचं लग्न डिसेंबरात आहे, तिला नेसवता येईल?

बोरिवली_लोकल:
पदराच्या उलट्या बाजूचा फोटो टाका.

दादरची_काकू:
अगदी बरोबर. शालूच्या मागे बुट्टीचे सुटे किंवा कातरलेले धागे दिसतात. पैठणीत एकेक रंग वेगळ्या कांडीवरून भरतात आणि शेजारच्या धाग्यात अडकवतात, त्यामुळे पोपट दोन्हीकडून सारखाच. वेल बहुतेक आसावली, म्हणजे पैठणीतली फुलवेलीची नक्षी असेल. थोरल्या माधवराव पेशव्यांनीही पत्र लिहून आसावलीचे दुपट्टे मागवले होते, रंग सांगून!

जरवाल्याला दारातूनच वाटेला लाव. जुनी जर म्हणजे चांदीची तार, वर सोन्याचा मुलामा. तो साडी जाळून चांदी काढणार, पणजीचे पोपट गेले चुलीत.

नेसवायचं मात्र विसर. कासोटा ओढला की विरलेल्या घडीवर टरकन फाटेल. तशीही गौरीहर पुजायला मामाकडची पिवळी साडी, अष्टपुत्री, असतेच, मुलीला तीच हौसेने घ्या. साडीचं अंग पार गेलं असेल तर काठ-पदर सोडवून नव्या रेशमावर चढवतात, मला ते चालतं. परकर-पोलकं नाही! पोरगी वर्षभरात उंच होणार, मग काय पायपुसणं करणार? आधी काळ्या घोड्याच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात चौकशी कर, त्यांचं जतन केंद्र आहे. तोवर मलमलीत गुंडाळ, घड्या बदलत राहा, प्लास्टिक नको, डांबरगोळी जरीला लागू देऊ नकोस.

गिरगावकरीण:
उलटून पाहिली. पोपटाची लाल चोचसुद्धा दोन्हीकडून तश्शी! अंगाला दोन जागी बोट आरपार जातंय, काठ मात्र शाबूत. मावशी आता म्हणते, पैठणी असली तर पैठणचीच, येवल्याची नव्हे.

दादरची_काकू:
येवल्याच्या विणकरांनीही पिढ्यान्‌पिढ्या अशाच विणल्यात. नुसत्या पदरावरून गाव सांगणाऱ्या मावशीला माझा नमस्कार सांग. आणि काठ उसवायला जाऊ नकोस, पैठणीत तो अंगासोबतच विणलेला असतो, त्याला टाके नसतात; सोडवायचा तर जपून कापूनच काढावा लागतो.