लिफ्ट किट आणि गार्ड लावलेल्या सेकंडहँड थारला चार स्टार धरायचे का?

भोरकर:
2021 ची डिझेल हार्डटॉप महिंद्रा थार बघून आलोय. आम्ही भोरला राहतो, सासुरवाडी महाडजवळ, त्यामुळे वरंध घाटातून येणं-जाणं नेहमीचं. मागे पाच वर्षांची मुलगी बसणार. आधीच्या मालकाने गाडी दोन इंच उंच करणारं लिफ्ट किट, मोठे टायर आणि पुढे लोखंडी गार्ड लावलंय. एजंट म्हणतो, "फोर स्टार गाडी आहे, डोळे झाकून घ्या." मला ते पटत नाहीये. ते सुरक्षेचे स्टार या गाडीला लागू होतात का?

चिपळूणचा गॅरेजवाला:
दादा, स्टार खरे आहेत, पण कंपनीतून निघाली तशा गाडीचे. गाड्या मुद्दाम धडकवून सुरक्षा तपासणाऱ्या ग्लोबल एनकॅप या संस्थेने नोव्हेंबर 2020 मध्ये थारला पाचपैकी मोठ्यांसाठी चार आणि मुलांसाठीही चार स्टार दिले, मुलांचे गुण 49 पैकी 41.11. ती टक्कर ताशी 64 किलोमीटरने, समोरून, निम्म्याहून कमी भागावर. गाडी उलटली तर काय, हे त्या स्टारमध्ये येत नाही. आणि घाटात मला भीती उलटण्याचीच वाटते.

गाडी किती सहज कलंडेल, हे दोन चाकांमधल्या अंतराचा निम्मा भाग आणि गुरुत्वमध्याची उंची यांच्या प्रमाणावर ठरतं. दोन इंच उचललं, वर मोठे टायर, म्हणजे उंची वाढली आणि रुंदी जवळपास तेवढीच. टायर मोठे म्हणजे वेगाचा काटा दाखवतो त्यापेक्षा गाडी जोरात पळते, तेही ध्यानात ठेवा. अमेरिकेत आयआयएचएस या गाड्यांची सुरक्षा तपासणाऱ्या संस्थेच्या चाचणीत जीप रँग्लर पुढच्या कोपऱ्याने धडकल्यावर कुशीवर आडवी झाली होती, तीही कंपनीच्याच उंचीची.

गार्ड मात्र आधी उतरवा. डिसेंबर 2017 मध्ये केंद्राच्या रस्ते मंत्रालयाने राज्यांना त्यावर कारवाई करायला सांगितलं होतं. धक्का शोषायला केलेला पुढचा भाग गार्डमुळे नीट दबत नाही, धक्का सरळ चासीला, म्हणजे गाडीच्या सांगाड्याला जातो आणि एअरबॅग उघडण्याची वेळ चुकू शकते. पायी चालणाऱ्याचं काय होतं ते मी पाहिलंय, इथे लिहवत नाही.

ईएसपी, म्हणजे गाडी घसरू लागली की आपोआप ब्रेक लावून सावरणारी यंत्रणा, आहे का तेही बघा, सगळ्या व्हेरियंटमध्ये नव्हतं.

रायगडची आई:
मुलीला आयसोफिक्सवर, म्हणजे गाडीच्या सीटमधल्या पक्क्या कड्यांवर बसणारी चाइल्ड सीटच लावा. मांडीवर किंवा नुसत्या मोठ्या बेल्टने नको. बेल्ट गळ्यावर येतो.

आणि महाडची गाडी असेल तर जुलै 2021 च्या पुराचं विसरू नका. सगळे सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून बघा. गाडी धुतली तरी आत गुंडाळलेल्या पट्ट्यावर चिखलाची रेघ राहून जाते. बेल्टच्या लेबलवरची तारीख गाडीच्या नंतरची असेल तर तो बदललेला आहे. का बदलला, ते विचारा.

भोरकर:
आज पुन्हा गेलो. मागचा डावा बेल्ट शेवटपर्यंत ओढला तर खाली वीतभर मातकट डाग. किल्ली फिरवल्यावर एअरबॅगचा दिवा लागलाच नाही. एजंट म्हणाला, "बल्ब गेला असेल." मी टोकन परत मागितलं. आता रविवारी साताऱ्याला एक गाडी बघतोय, बिनगार्डची, उंची मूळचीच. गॅरेजवाले दादा, चासीवर जोडकाम झालंय का ते खालून कुठे बघायचं, एवढं सांगाल का?

चिपळूणचा गॅरेजवाला:
रॅम्पवर घ्या. पुढच्या बंपरमागे चासीची दोन्ही टोकं बघा. वेल्डिंगची ओळ दोन्ही बाजूंना सारखी दिसली पाहिजे. एका बाजूला नवा काळा रंग असेल तर फोटो इथे टाका, मी बघतो.