काळ्या मेंदीच्या रेघांवर फोड आलेत, काय करू?

निशिगंध: लेकीने हौसेने काळी मेंदी काढून घेतली. तासाभरात कुळकुळीत रंग. आठवडाभर सगळं ठीक होतं, मग खाज सुटली आणि बरोबर नक्षीवरच पाण्याचे फोड उठले. कोनावर ‘नैसर्गिक’ छापलंय. झाडपाल्याने असं होतं?

कोनवाली: मी मेंदी स्वतः भिजवते, कोनही स्वतः भरते, म्हणून स्पष्ट सांगते: काळ्या मेंदीचं झाडच नसतं. पानातलं लॉसोन हे रंगद्रव्य आधी नारिंगी रंगतं आणि एक-दोन दिवसांत गडद तपकिरी होतं. तासात काळं करणारं बहुतेक वेळा पीपीडी असतं, म्हणजे पॅरा-फेनिलीनडायअमाइन, केसांच्या डायमधलं. युरोपात केसांना लावताना त्याला २ टक्क्यांची मर्यादा आहे, कातडी रंगवायला ते चालतच नाही. कोनात कोणी मोजून घातलंय? शिवाय डाय थोड्या वेळात धुतो, ही मेंदी तासन्‌तास अंगावर वाळत राहते.

आणखी एक. खरी भिजवलेली मेंदी बाहेर ठेवली तर काही दिवसांत तिचा रंग उतरतो, आमचे कोन फ्रीझरमध्ये असतात. कपाटात महिनोन्‌महिने टिकणारा कोन मी तरी हातात धरणार नाही. रॉकेलसारखा वास आला तर नाहीच नाही. (नीलगिरी तेलाचा वास वेगळा, ते आम्हीही घालतो.)

सावळाराम: मी लावली होती, काही झालं नाही. उगाच घाबरवू नका.

कोनवाली: पहिल्यांदा बऱ्याच जणांना काहीच होत नाही, तेव्हा शरीर फक्त ओळख करून घेत असतं. पुढच्या वेळी दोन-तीन दिवसांत भडका उडू शकतो. तुम्ही परत लावू नका, एवढंच.

निशिगंध, त्वचेच्या डॉक्टरांकडे आजच जा, कोन सोबत न्या. लिंबू, टूथपेस्ट असलं काही लावू नका. फोड बसल्यावर फिकट नक्षी उरू शकते, ती जायला महिने लागतात.

निशिगंध: उद्याची वेळ मिळाली. पण तिला पुढे केस रंगवायचेत, ते चालेल ना?

कोनवाली: तीच तर खरी भीती! ही अ‍ॅलर्जी सहसा जन्मभर राहते आणि डायने चेहरा, डोळे सुजू शकतात. डॉक्टरांनी पॅच टेस्ट (त्वचेवर किंचित लावून अ‍ॅलर्जी तपासणं) केल्याशिवाय नको. ‘अमोनियामुक्त’वर जाऊ नका, त्यातही पीपीडी असू शकतं. आणि दाताच्या डॉक्टरांनाही सांगून ठेवा, बेन्झोकेन नावाच्या बधिर करणाऱ्या औषधाचीही अशा लोकांना कधीकधी रिअ‍ॅक्शन येते.